शंभरदा क्षमा मागितली, तरी विसावा का मिळत नाही?

पत्र आलंय ते थोडं छोटं करून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय.

"मावशी, सलाम. मी 44 वर्षांची, नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातली, आता पिंपरी-चिंचवडला असते. नर्स आहे, महिन्यातनं निम्मे दिवस नाईट. रविवारी उपासनेला जाते, कॉयरमध्ये गाते, महिला मंडळात आहे, बाहेरून बघणाऱ्याला सगळं छान. पण गेली पाच-सहा वर्षं मला धड झोप नाही आणि मनाला आराम नाही. आईने आजारी पडायच्या आधी तिच्या दोन पाटल्या, मिळून 4 तोळे, माझ्याकडे दिल्या, म्हणाली लॉकरला ठेव, धाकटीच्या मुलीच्या लग्नात द्यायच्या. आम्ही तेव्हा फ्लॅट घेत होतो, पैसे कमी पडले, मी त्या मोडल्या. वाटलं वर्षभरात करून ठेवीन. मग आई गेली. बहिणीने विचारलं तेव्हा तोंडून निघालं की आईच्या ऑपरेशनला मोडल्या. ती रडली आणि म्हणाली बरं झालं, आईच्या कामी आल्या. आईचं तीन वर्षं सगळं अंथरुणातलं तिनेच केलं, मी फक्त पैसे पाठवायचे. नवऱ्याला वाटतं पाटल्या आईने मलाच दिल्या होत्या. दोन वर्षं मी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत प्रभूच्या आठवणीत घेतात ती भाकर आणि द्राक्षरस, घेतलेलं नाही, त्या रविवारी मुद्दाम ड्युटी लावून घेते. देवाजवळ शंभरदा क्षमा मागितली. मागच्या मे महिन्यात तीन दिवसांच्या रिट्रीटला गेले, खूप रडले, हलकं वाटलं, घरी आले आणि मंगळवारपर्यंत परत तेच. कधी कधी नाईटवरून येताना वाटतं झोपावं आणि उठूच नये. प्रभूने मला क्षमा केली नाही का? का माझा विश्वासच कमी आहे? मला अगं-तुगं करा. – थकलेली"

सलाम गं बाई.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या एका ओळीपाशी थांबले, झोपावं आणि उठूच नये. बाकीचं सगळं नंतर बोलू, आधी हे. तू नर्स आहेस, पेशंट असं बोलला तर तू ते फाईलमध्ये लिहितेस आणि डॉक्टरांना सांगतेस, मग स्वतःचं पण तेवढंच मनावर घे. या आठवड्यात डॉक्टरला दाखव, नुसतं बीपी बघून येऊ नकोस, झोप नाही आणि असे विचार येतात हे तोंडाने सांग. 44 वय म्हणजे पाळीच्या आगेमागे शरीरात किती उलथापालथ होते ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यात थायरॉइड, हिमोग्लोबिन, आणि त्यात महिन्याच्या निम्म्या नाईट. आणि एखाद्या पहाटे तो विचार जोर करायला लागला तर टेली-मानसचा 14416 नंबर आहे, सरकारचा, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात, तिथे फोन लाव. हे विश्वासात कमी पडणं नाहीये. एलीया संदेष्ट्याने झुडपाखाली बसून "प्रभो, आता पुरे, माझा जीव घे" असं म्हटलं होतं, 1 राजे 19 मध्ये आहे, आणि देवाने त्याला काय केलं बघ, ना उपदेश ना झापणं, त्याला झोपू दिलं, मग दूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, मग परत झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं, आणि त्याच्यानंतर कुठे तो चालायला लागला आणि होरेबला पोचल्यावर देव त्याच्याशी बोलला. आधी झोप आणि भाकरी, मग बोलणं. तर कोणी तुला सांगितलं असेल की 21 दिवस उपास धर, रात्रभर प्रार्थनेला बस, तर ते तुझ्यासाठी नाही, निदान आत्ता तरी नाही. तू आधीच रात्रभर जागतेस.

आता मुद्द्याचं.

तू विचारतेस प्रभूने क्षमा केली नाही का. मला वाटतं प्रश्न तिथे अडलेलाच नाहीये. आपल्या भाषेत शब्द आहे पश्चात्ताप, म्हणजे मागून येणारा ताप. तुझ्याइतकं तापाबद्दल कोणाला कळणार! ताप म्हणजे आजार नव्हे, आत कुठेतरी काहीतरी आहे याची ती खूण. एखाद्याला मांडीत खोल गळू झालंय आणि आपण त्याला सहा-सहा तासांनी पॅरासिटामॉल देतोय, तर ताप उतरेल, घाम येईल, पेशंट म्हणेल सिस्टर आता बरं वाटतंय, आणि चार-सहा तासांनी परत चढेल. तुझं रिट्रीटचं रडणं तसं झालं. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणतच नाही, अश्रू खरे होते, प्रभूने ते पाहिले. पण गळू तसंच राहिलं, मग मंगळवारी ताप येणारच की. उलट तो परत येतोय हीच मला त्यातल्या त्यात चांगली गोष्ट वाटते, कारण ज्याचा जीव मेलाय त्याला ताप येत नाही.

तू शंभरदा क्षमा मागितलीस ती कशाची मागितलीस, जरा आठवून बघ. पाटल्या मोडल्याची. ते एकदाच झालं, सहा वर्षांपूर्वी, एका दुपारी सोनाराच्या दुकानात. पण बहिणीला जे सांगितलंस ते तेव्हा संपलेलं नाही, ते रोज चालू आहे. ती प्रत्येक वेळी आईची आठवण काढते, बरं झालं पाटल्या कामी आल्या म्हणते, आणि तू गप्प बसतेस तेव्हा ते खोटं परत एकदा बोललं जातं. नवऱ्याच्या बाबतीत तसंच. म्हणजे एका हाताने क्षमा मागतेस आणि दुसऱ्या हाताने तीच गोष्ट धरून ठेवलीयस, आणि मग देव देत नाही असं वाटतं. देव देतोय गं, तुझा हात रिकामा नाहीये. जुन्या करारात जो इब्री शब्द आहे, शूव, त्याचा साधा अर्थ माघारी फिरणं, वळणं. रस्ता चुकल्यावर माणूस उभ्या जागी कितीही हळहळला तरी घर जवळ येत नाही, त्याला पाय फिरवावे लागतात.

दावीदाचं 32वं स्तोत्र काढ. रात्री ड्युटीला फोनवर वाचलंस तरी चालेल. त्यात तो म्हणतो की मी गप्प राहिलो होतो तेव्हा माझी हाडं झिजली, दिवसभर मी कण्हत होतो, रात्रंदिवस तुझा हात माझ्यावर भारी होता आणि उन्हाळ्यात ओल सुकावी तसा माझ्यातला जीवनरस सुकून गेला. नगरच्या माणसाला ही उपमा समजावून सांगायला नको, एप्रिल-मे मधली विहीर आपण बघितलेली आहे. तुझ्या झोप न येण्याचं इतकं नेमकं वर्णन मला दुसरीकडे कुठे सापडलं नाही, आणि त्याने कारण काय सांगितलं तर पाप नव्हे, गप्प राहणं. पुढच्याच ओळींमध्ये तो म्हणतो मी लपवलं नाही, कबूल केलं, आणि तू क्षमा केलीस. लगेच. मध्ये काही हप्ते नाहीत.

प्रेषितांची कृत्ये 3 मध्ये येशूचा शिष्य पेत्र लोकांना सांगतो की पश्चात्ताप करा आणि वळा, म्हणजे तुमची पापं पुसली जातील आणि प्रभूकडून विश्रांतीचे समय येतील. तिथला विश्रांतीचा मूळ ग्रीक शब्द गार होण्याचा, दम परत येण्याचा आहे, उन्हातून आल्यावर ओसरीवर वाऱ्याची झुळूक लागते तसं. म्हणजे इकडे ताप आणि तिकडे गारवा, आणि मध्ये "वळा" हा शब्द. आपण तो मधला शब्द खाऊन टाकतो आणि मग म्हणतो गारवा का येत नाही.

आणि हे कोण बोलतंय तर पेत्र, ज्याने येशूला पकडून नेलं त्या रात्री तीनदा मी त्याला ओळखत नाही म्हटलं होतं. त्याची गोष्ट तुला माहीत आहे, पण एक बारीक गोष्ट बघ, मला ती फार उशिरा दिसली. पेत्राने नाकारलं तेव्हा अंगणात कोळशाचा विस्तव पेटवलेला होता आणि तो शेकत उभा होता. योहान 21 मध्ये येशू उठल्यानंतर समुद्राच्या काठी भेटतो, तेव्हा तिथे पण कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासळी आणि भाकर. ही माणसं रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हाताने थकलेली, म्हणजे नाईट करून आलेलीच म्हण ना, आणि प्रभू म्हणतो या, न्याहारी करा. पोटभर खायला घातल्यावर मग विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तीनदा. पेत्र दुःखी झाला असं लिहिलंय तिसऱ्या वेळी. त्याला त्याच विस्तवापाशी परत नेलं, दुखेल माहीत असून नेलं, कारण तिथेच ते अडकलं होतं. दुसरीकडे यहूदा, ज्याने पैसे घेऊन येशूला धरून दिलं. त्याने तर ते चांदीचे 30 रुपये परत पण केले, मी पाप केलं असं तोंडाने म्हटलं पण, पण म्हटलं कोणाला, तर याजकांना, आणि ते म्हणाले आम्हाला काय त्याचं. तो प्रभूकडे गेला नाही. मला नेहमी वाटतं तो तीन दिवस थांबला असता तर त्याच्यासाठी पण काठावर भाकर असती. म्हणून तुला सांगते, झोपावं आणि उठूच नये हा विचार आला की समज की हे प्रभूचं बोलणं नाही, प्रभू बोलावतो तो न्याहारीला बोलावतो.

प्रभुभोजनाबद्दल आता. दोन वर्षं टाळलंस, भीती वाटली असणार, अयोग्य रीतीने घेतलं तर काय. करिंथच्या पहिल्या पत्रात 11व्या अध्यायात पौल जिथे ते बोलतो तिथे नीट वाच, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी असं आहे. परीक्षा करावी आणि घरी जावं असं नाही लिहिलेलं. ते मेज चांगल्या लोकांना मिळणारं बक्षीस नाहीये. तरी तू थांबलीस त्यात मला एक प्रामाणिकपणा दिसतो, कारण मत्तय 5 मध्ये प्रभूच म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. फक्त तू अर्धं वाक्य पाळलंस, अर्पण ठेवलंस आणि गेलीच नाहीस. आणि बहिणीच्या मनात तर काही नाहीच, तिला माहीतच नाही, म्हणून ते जास्त जड आहे.

आता पाटल्या. तुला वाटत असेल मावशी सोन्यात कुठे शिरतेय, अध्यात्माचं सांग. हे अध्यात्मच आहे. लेवीय 6 उघड, आपण कधी वाचत नाही ते पुस्तक, पहिल्या सात ओवी बघ. कोणी विश्वासाने ठेवायला दिलेल्या वस्तूबद्दल शेजाऱ्याशी लबाडी केली तर, असंच आहे तिथे, ठेव हाच विषय, तर त्याने ती पुरी परत करावी आणि वर पाचवा हिस्सा घालावा, आणि ज्या दिवशी दोषार्पण, म्हणजे अपराधासाठीचं अर्पण, आणेल त्याच दिवशी ज्याची त्याला द्यावी. देवाला माहीत होतं की माणूस अर्पण आणून मोकळा व्हायला बघेल. आणि जक्कय, तो लोकांना लुबाडणारा जकातदार, तो तर चौपट परत करतो म्हणाला, त्याला कोणी सांगितलं पण नव्हतं, प्रभू त्याच्या घरी जेवायला आला एवढंच झालं होतं. क्रम लक्षात ठेव हं, आधी प्रभू घरात आला, मग जक्कयाने तिजोरी उघडली. पाटल्या परत करून तू क्षमा विकत घेणार नाहीयेस, ती किंमत वधस्तंभावर भरून झालीय, तुझ्या 4 तोळ्यांनी तिच्यात काही भर पडत नाही. पाटल्या परत करायच्या त्या भाचीच्या आहेत म्हणून.

सोनाराच्या हिशोबाने 4 तोळे म्हणजे 40 ग्रॅम, पाचवा हिस्सा 8, म्हणजे 48 ग्रॅम सोनं. सोनं, पैसे नव्हे. तेव्हा पाटल्या मोडून जेवढे मिळाले तेवढे परत केले असं करू नकोस, तेव्हाचा भाव आणि आजचा भाव तुला माहीत आहे, तो फरक भाचीच्या पदरातून जाता कामा नये. एकदम जमणार नाही, ईएमआय असेल, मुलांच्या फिया असतील. तुझ्या अंगावर किंवा लॉकरमध्ये स्वतःचं जे आहे त्यातून सुरुवात कर, बाकीचं दर दोन-तीन महिन्यांनी थोडं थोडं. कागदावर लिहून दे कधी किती, सही करून. बहीण म्हणेल कागद कशाला, तरी दे, तिच्यासाठी नाही, सहा महिन्यांनी तुझं मन परत पळवाट शोधेल त्याच्यासाठी.

पण त्याच्याही आधी नवऱ्याला सांग. हे तुला बहिणीपेक्षा अवघड जाईल असं मला वाटतंय, पण ते घर त्याचंही आहे आणि परत करायचे पैसे पण त्याच संसारातून जाणार, त्याला अंधारात ठेवून परतफेड केलीस तर एक लपवाछपवी बुजवायला दुसरी उकरल्यासारखं होईल. शांत वेळ बघून सांग. चिडेल कदाचित. चिडू दे.

आणि एकटीने करू नकोस. याकोब म्हणतो आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा. आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये आपण हे जवळजवळ सोडूनच दिलंय, वसईकडच्या कॅथलिक लोकांमध्ये निदान फादरसमोर पापनिवेदनाला बसायची एक जागा ठरलेली आहे, आपण म्हणतो आम्ही थेट देवाशी बोलतो, आणि मग वर्षानुवर्षं थेट देवाशीच बोलत राहतो, माणसाला काही कळू देत नाही. माझं स्पष्ट मत आहे की यात आपण काहीतरी गमावलंय. तर एक माणूस शोध, पाळकसाहेब किंवा पाळकीणबाई किंवा मंडळीतली एखादी म्हातारी बाई जिच्या पोटात गोष्ट राहते, आणि तिच्यासमोर मोठ्याने बोल. मोठ्याने बोललेलं पाप लहान होतं, मी अनुभवाने सांगते. पण प्रार्थना सभेत उठून साक्ष म्हणून सांगू नकोस. आत्ता नको. बहिणीच्या आधी 60 लोकांना कळलं तर तिचा दुसऱ्यांदा अपमान होईल.

माझं पण सांगते, म्हणजे मी वरून बोलतेय असं वाटणार नाही. मी 20 वर्षांची असताना एका शाळेत शिकवायला होते, होस्टेलची थोडी जबाबदारी माझ्याकडे होती. मुलींच्या सहलीचे पैसे माझ्या कपाटातून गेले आणि मी एका मुलीवर आळ घेतला, कारण ती सगळ्यात गरीब घरची होती, दुसरं काही कारण नव्हतं. तिचा बाप येऊन तिला घेऊन गेला. ती परत शाळेत आली नाही. चार महिन्यांनी ते पाकीट मला माझ्याच जुन्या हजेरीपटाच्या कव्हरमध्ये सापडलं. मी ते गुपचूप भरून टाकलं आणि 11 वर्षं कोणाला बोलले नाही. त्या 11 वर्षांत मी संडे स्कूल शिकवलं, गाणी बसवली, लोकांच्या घरी प्रार्थनेला गेले, आणि लूक 15 मधल्या उधळ्या पुत्राचा धडा आला की माझी जीभ जड व्हायची. शेवटी गेले. ती तोवर दोन लेकरांची आई झाली होती, शेतात खुरपत होती, मी बांधावर उभी राहून सांगितलं. ती काहीच बोलली नाही. घरी नेलं, चहा दिला, मी निघताना एवढंच म्हणाली की बाई, मला शिकायचं होतं. बास. तिने मला क्षमा केली का हे मला आजपर्यंत माहीत नाही, आणि ते मागायचा मला हक्क पण नाही. पण त्या रात्री एसटीत मी जी झोपले ती कंडक्टरने उठवेपर्यंत. दुःख गेलं नाही, तिचं वाक्य अजून ऐकू येतं, पण लपणं संपलं होतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या.

म्हणून बहिणीकडे जाताना हे मनात पक्कं कर की तू क्षमा घ्यायला चाललेली नाहीस, खरं द्यायला चाललीयस. व्हॉट्सअॅपवर नको, फोनवर नको, नाताळात सगळे जमलेले असताना नको. ती एकटी असेल तेव्हा जा. सरळ सांग: पाटल्या आईच्या ऑपरेशनला नाही गेल्या, मी फ्लॅटसाठी मोडल्या, तुझ्याशी खोटं बोलले, आणि तू आईचं केलंस तेव्हा मी लांब राहिले त्याचं मला वाईट वाटतं. ईएमआय, भाव, त्या वेळची परिस्थिती, यातलं काही सांगत बसू नकोस, तिने विचारलं तर सांग. आणि तिच्यासमोर इतकं रडू नकोस की तिलाच तुझी समजूत घालावी लागेल. तीन वर्षं तिने एका माणसाला सांभाळलंय, आता तुला पण तिनेच सांभाळायचं का? ती चिडली, बोलली, महिना-दोन महिने फोन घेतला नाही, तरी सोनं ठरल्या तारखेला पोचलं पाहिजे.

तुला वाटेल एवढं मोठं झाल्यावर, एवढी वर्षं मंडळीत असून, आत्ता कुठे हे. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. केवढी विद्वान बाई, संस्कृत मुखपाठ, आणि तरी त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवलंय की त्यांना आधी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठएक वर्षं लागली. धर्म होता, काम होतं, नाव होतं, आत शांती नव्हती, हे त्यांनी लपवलं नाही. त्यांचं मुक्ती मिशन अजून चालू आहे, पुण्याहून दौंडच्या अलीकडे केडगाव, आपल्या नगरचं केडगाव नव्हे. सुट्टीच्या दिवशी लोकलने, पॅसेंजरने जाऊन येण्यासारखं आहे. मी तिथल्या झाडाखाली बसून एकदा दुपार काढलीय.

उधळ्या पुत्राचं आणखी एक, मग आवरते. बापाकडून वाटा घेऊन गेलेला तो मुलगा सगळं उडवल्यावर दूरदेशी डुकरांमध्ये बसून बापाला काय बोलायचं ते पाठ करतो: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवायच्या लायकीचा नाही, मला एक गडी म्हणून ठेवा. घरी आल्यावर तो म्हणायला लागतो, पहिली दोन वाक्यं होतात, आणि तिसरं, गडी म्हणून ठेवा हे, ते येतच नाही, बाप आधीच अंगरखा आणा, अंगठी आणा म्हणून ओरडतोय. कबुली बापाने ऐकून घेतली, मजुरीची बोली मात्र ऐकून घेतली नाही. तू गेली सहा वर्षं प्रभूच्या घरात गड्यासारखी राबतेयस असं मला तुझं पत्र वाचताना वाटलं. कॉयर, मंडळ, उपासना, जादा ड्युट्या, सगळं काहीतरी फेडल्यासारखं. महिला मंडळाला हवं तर दोन महिने येत नाही म्हणून सांग. कोणाचं काही अडणार नाही.

"अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." हे वचन तू लहानपणापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघितलेलं असणार. पण भाषांतर करणाऱ्यांनी त्यात विसावा हा शब्द घातला, तो मला फार आवडतो. पालखीचा विसावा असतो ना, मुक्काम नव्हे, वाटेत खांद्यावरचं खाली ठेवायचं, पाणी प्यायचं, पाय मोकळे करायचे आणि परत उठून चालायचं. आणि प्रभू लगेच पुढच्या ओळीत म्हणतो माझं जू आपल्यावर घ्या. जू! विसावा देतो म्हणून लगेच जू? आमच्या वडिलांकडे बैल होते, नवा गोऱ्हा शिकवायचा तर त्याला मुरलेल्या बैलाशेजारी जुंपायचे, ओढायचं काम सगळं तो जुना बैल करायचा, गोऱ्ह्याने फक्त बरोबर चालायचं. नवऱ्याशी बोलायचं, बहिणीच्या दारात उभं राहायचं, 48 ग्रॅम फेडायचं, हे सगळं जू आहेच, ते नाही असं मी म्हणणार नाही. पण शेजारी कोण जुंपलंय ते बघ, आणि चाल.

नंतर पण लगेच सगळं छान वाटेल असं नाही. गळू फोडल्यावर ड्रेसिंग किती दिवस चालतं ते तू मला सांगशील. झोप हळूहळू येईल. मध्येच एखाद्या रात्री परत तेच जुनं ऐकू येईल की तू चोर आहेस, तेव्हा 32वं स्तोत्र काढायचं आणि मी लपवलं नाही ही ओळ मोठ्याने वाचायची, कारण तोवर ती खरी झालेली असेल. आणि प्रभुभोजनाच्या रविवारी ड्युटी लावून घेऊ नकोस, बहिणीकडे जाऊन आल्यानंतर जो पहिला येईल त्या रविवारी पुढच्या बाकावर बस आणि हात पुढे कर, ती बोलत असो वा नसो.

मला कळव काय झालं ते, दोन ओळी लिहिल्यास तरी चालतील, मी नाव घेऊन प्रार्थना करतेच आहे. आणि एक, नाईट संपवून तशीच गावची गाडी पकडू नकोस. आधी घरी जा, काहीतरी गरम खा, झोप. मग दुसऱ्या दिवशी सकाळी निघ.

तुझी मावशी